आगामी चरित्र-कादंबऱ्या : प्रेम कुणाचं, कागद कुणाचा?

कागदकीडा

दिवाळी तोंडावर आली की प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रकं व्हॉट्सअ‍ॅपवर धडकायला लागतात. यंदाच्या ढिगात थोरामोठ्यांच्या 'प्रेमजीवनावर' बेतलेल्या चरित्र-कादंबऱ्याच जास्त दिसताहेत. नावं घेत नाही. पुस्तकं अजून छापखान्यात आहेत आणि न वाचता कुणाला झोडपायचं नाही. पण मुखपृष्ठं बघा जरा. पाठमोरी बाई, वाऱ्यावर पदर, लांबवर बुरूज, आभाळ केशरी. खाली 'इतिहासाने दडवलेली', 'अजरामर' नाहीतर 'हळुवार' यांपैकी काहीतरी असतंच. बाई पेशवीण असो की पहिली डॉक्टर, पदर तोच.

मला अशा कादंबऱ्यांचं वावडं नाही. माधवराव पेशवे आणि रमाबाईंवरची 'स्वामी' १९६२ ची, बाजीराव-मस्तानीवरची 'राऊ' १९७२ ची. आमच्या घरातल्या दोन्ही प्रती पारायणांनी खिळखिळ्या झाल्यात. माझी तक्रार वेगळी आहे. आपले लेखक प्रेमकथा शोधायला नेमके तिथे जातात, जिथे बाईचा स्वतःचा कागद उरलेला नाही. मस्तानीच्या हातची एक ओळ आपल्यापुढे नाही. थेऊरला सती गेलेल्या रमाबाई पेशव्यांची गोष्टही दुसऱ्यांनीच सांगितलेली. अशा ठिकाणी मोकळं रान मिळतं. चांदणं घाला, मोगरा घाला, पैंजण वाजवा, विचारणारं कोण? आणि जिथे बाईने स्वतः सगळं लिहून ठेवलंय तिथे गर्दी नाही.

रमाबाई रानडे घ्या. साल १८७३. महादेव गोविंद रानडे ३१ वर्षांचे, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी त्याच वर्षी वारली. सुधारक मित्रांची अपेक्षा, आता हे विधवेशी लग्न करून दाखवणार. वडिलांना धास्ती तीच. त्यांनी घाई करून डिसेंबरात अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावून दिलं. रानडे वडिलांपुढे वाकले, त्याबद्दल जन्मभर टीका सोसली, आणि त्याच मुलीला शिकवायला बसले. ती शिकते म्हणून घरातल्या बायकांनी तिला घालूनपाडून बोलणं, वाळीत टाकल्यासारखं वागवणं हे सगळं १९१० साली निघालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त तिनेच सांगितलंय. ज्या माणसाने तत्त्व मोडून आपल्याशी लग्न केलं त्याच माणसाच्या तत्त्वांवर पुढचं आयुष्य उभं करायचं, यात कादंबरी नाही असं कोण म्हणेल?

तर विचारायचं असं, की तुम्हाला कुणाच्या सहजीवनावर पुस्तक आलेलं आवडेल आणि त्याला आधार काय आहे? धाग्याचं काश्मीर करू नका, म्हणजे भांडणं नकोत, ही विनंती.

सोनटक्का

पहिली हजेरी माझी. मुखपृष्ठाचं वर्णन अगदी अगदी.

पुण्यात मस्तानी म्हटलं की आधी आइस्क्रीम घातलेला पेला डोळ्यांपुढे येतो, मग शनिवारवाड्याचा दरवाजा. बाई तिसऱ्या नंबरवर. कोथरूडच्या तिच्या महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून उभे केलेत, तिथे कधी निवांत जा. लाकडी कोरीवकाम, झुंबरं, लोक येतात, फोटो काढतात, निघून जातात. तिच्याविषयी मात्र भिंतीकडून काहीच कळत नाही.

मला काशीबाईंवर वाचायचंय. सिनेमात त्यांना नाचवल्यावर केवढा गदारोळ झाला! पण त्यांच्या आयुष्यातली जी खरोखर कादंबरीची जागा आहे तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. नवरा गेला, मस्तानी गेली, मागे सहा वर्षांचा समशेर राहिला. त्याला काशीबाईंनी वाढवलं. सवतीचा मुलगा, मुसलमान म्हणून वाढणारा, आणि आपण चासकरांच्या घरच्या सोवळ्यातल्या. त्या दोघांमध्ये वाड्यात काय बोलणं होत असेल? मला ते वाचायचंय. बाकी चांदणं ठेवा तुमच्याकडे.

मोडीवेडा

चांगला धागा. वाचनखूण साठवली आहे.

मस्तानीविषयी 'कागदच नाहीत' असं सरसकट म्हणता येणार नाही. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून पुढच्या काही वर्षांत छापले गेले. त्यात बाजीरावांच्या घरच्या पत्रांचा स्वतंत्र खंड आहे. मस्तानी त्यात येते, पण येते ती बंदोबस्ताची बाब म्हणून. कुठे ठेवायची, पहारा कसा, निसटली तर काय. १७३९ च्या अखेरीला ती पुण्यातून निसटून पाटसला बाजीरावांकडे पोचली होती, तिथून परत पाठवली गेली. पुढे १७४० च्या सुरुवातीला वाड्यात रघुनाथरावांची मुंज, सदाशिवरावांचं लग्न, घरातला कर्ता पुरुष नासिरजंगाच्या मोहिमेवर, आणि ही कैदेत. लिहिणारे कोण? चिमाजी अप्पा, नानासाहेब आणि त्यांची माणसं. म्हणजे दीर आणि सावत्र मुलगा. ज्यांना ती नको होती त्यांच्याच पत्रांतून आपण तिला बघतो.

ती बुंदेलखंडच्या छत्रसालाची मुलगी की दरबारातली कलावंतीण, यावर परंपरा आणि बखरी एकमेकींच्या झिंज्या ओढतात. नवीन कादंबरीत लेखक एक बाजू पकडून बिनधास्त लिहील. लिहू दे. पण कैद करणाऱ्यांच्या पत्रांतून कैद्याला शोधायचं, हा खेळ एखाद्या लेखकाने उघडपणे खेळला तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभा राहीन. पत्र पुढे ठेवायचं, त्यातली भाषा दाखवायची, आणि जिथे पत्र संपतं तिथे सरळ सांगायचं की इथून पुढे माझं.

रेवातीर

इंदूरहून. आमच्याकडून रावेरखेडी गाडीने जाऊन एका दिवसात परत येता येतं. खरगोन जिल्ह्यात, नर्मदेला अगदी लागून. बाजीराव तिथे २८ एप्रिल १७४० ला गेले, वय पुरतं चाळीसही नाही. दगडी तट, आत समाधी, बाहेर शेतं. महेश्वर धरणाच्या पाण्यात ती जाणार म्हणून मधे बरीच ओरड झाली होती. महाराष्ट्रातून बस भरभरून लोक येतात, जयजयकार करतात, आणि एक गोष्ट हमखास विचारतात, "मस्तानी इथेच का?" ती इथे नाही. तिची कबर पाबळला, शिरूर तालुक्यात. दोघांमध्ये अख्खी सातपुड्याची रांग.

सोनटक्काताई, समशेरबहादूरचं पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. १७६१ ला पानिपतावरून जखमी होऊन निघाला आणि सूरजमल जाटाच्या मुलखात वारला. त्याचा मुलगा अलीबहादूर बुंदेलखंडात गेला, बांद्याची नवाबी उभी राहिली. म्हणजे नातू आजीच्या माहेरच्या मुलखात परतला. ह्याच घराण्यातला १८५७ चा नवाब इंग्रजांविरुद्ध उठला आणि नंतर त्याला कुठे आणून ठेवला? आमच्या इंदुरात. कुणाला तीन पिढ्यांची कादंबरी लिहायची असेल तर घ्या, नकाशासकट दिली.

वाचाळवीर

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता बोलतोच.

अहो, तुम्ही लोक कादंबरी मागताय की संदर्भसूची? सामान्य वाचक दप्तराच्या खंडाला हात लावत नाही हो. माझ्या आईने सातवीनंतर शाळा पाहिली नाही. तिला माधवराव, रमाबाई, रामशास्त्री, राघोबा सगळे ओळखीचे झाले ते वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्यांमुळे. दुपारी कामं आटपली की आळीतल्या बायका जमायच्या, एकजण वाचायची, बाकीच्या डोळे पुसायच्या. त्या चांदण्याने आणि मोगऱ्यानेच त्यांना इतिहासाच्या दारात आणलं. आता दार उघडल्यावर आत कोणी गेलं नाही ह्याला कादंबरीकार काय करणार?

आणि कागद खरं बोलतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? मोडीवेडा स्वतःच म्हणतायत की पत्रं लिहिणारे विरोधक होते.

मोडीवेडा

वाचाळवीर, कागदही खोटं बोलतो, मान्य. पण त्याला उलटतपासणीत उभं करता येतं.

कादंबरी-नाटकांनी दार उघडलं हे तुमचं खरं. त्यांनी घाण काय करून ठेवली तेही बघा. संभाजीमहाराजांवर कित्येक दशकं नाटकांतून बाई आणि बाटली चिकटवली गेली. कुठल्या तरी किल्ल्यावरची कुणाची तरी मुलगी, कुठली तरी समाधी, त्यावर रचलेली प्रेमकथा, आणि प्रेक्षकांच्या टाळ्या. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवून साधनं गोळा केली आणि १९६० साली चरित्र छापलं, तेव्हा कुठे ते चित्र पुसायला सुरुवात झाली. अजून पूर्ण पुसलेलं नाही. म्हणून 'प्रेमकथा' म्हटलं की मी आधी कागद मागतो.

आणि त्यांच्याच घरात खरी गोष्ट पडून होती. येसूबाईंच्या नावाचा शिक्का, 'श्री सखी राज्ञी जयति'. नवरा मोहिमांवर असताना कारभारात बायकोची मोहोर चालते आणि त्या मोहोरेवर तिला 'सखी' म्हटलेलं. पुढे १६८९. मार्चमध्ये नवऱ्याची हत्या, वर्षअखेर रायगड पडला, येसूबाई आणि लहानगा शाहू मोगलांच्या छावणीत. मुलगा १७०७ ला सुटला, आई १७१९ ला. तीस वर्षांच्या कैदेतून परत आलेली ती बाई साताऱ्यात मुलाला भेटली तेव्हा मुलगा छत्रपती होता आणि सुना घरात होत्या. ह्याला नाटकवाल्यांचं चांदणं कशाला हवं?

सोनटक्का

मोडीवेडा, शिक्क्यावरून अंगावर काटा आला.

वाचाळवीर, तुमच्या आईंसारख्याच माझ्या आजीनेही 'स्वामी' वाचून पदर ओला केला होता. पण मला एक गोष्ट सलते. थेऊरला माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला क्षयाने गेले, वय २७. शेवटच्या दुखण्यात त्यांनी जी कलमं लिहवून घेतली त्यात कर्ज फेडण्याची काळजी आहे, राज्याची काळजी आहे. माणूस मरतानाही हिशेब करत होता. आणि रमाबाई चितेवर चढल्या. आपण पिढ्यान्‌पिढ्या ह्याला प्रेमाची परमावधी म्हणत आलो. तिने का केलं? मूलबाळ नव्हतं, पुढे वाड्यात राघोबा आणि आनंदीबाईंच्या राज्यात विधवेचं जिणं होतं. दहा महिन्यांत त्या वाड्यात नारायणरावाचा खून झाला. ती घाबरली असेल, ठामही असेल, कदाचित दोन्ही. येणाऱ्या पुस्तकात मला सतीच्या प्रसंगावर पाच पानं सनई-चौघडे नकोत. अगदी एवढंच.

वऱ्हाडी ठेचा

काहून बाप्पा, सगळं पुणं नि पेशवेच करून राहिले तुम्ही? तिकडून पुढे सरका ना जरासे.

आंबेडकरांच्या घरचं घ्या. रमाईने एक पान लिहून ठेवलं नाही, गोवऱ्या थापल्या, पोरं पुरली, १९३५ ला गेली. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या आपल्या पुस्तकाची अर्पणपत्रिका तिच्या नावाने लिहिली, अन् तिच्यात तिला काय म्हटलं? 'रामू'. एवढ्या मोठ्या राजकीय पुस्तकाच्या तोंडाशी घरातलं नाव! मले तर त्या एका शब्दात सगळं संसाराचं समजते.

अन् दुसऱ्या बाजूने माईसाहेब, बाबासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी. १९४८ मध्ये लग्न, १४ ऑक्टोबर १९५६ ला आमच्या नागपुरात त्यांच्या शेजारी उभं राहून दीक्षा, अन् दोन महिने होत नाहीत तो ते गेले. मग लोकांनी त्या बाईवरच संशय घेतला. त्यायनं स्वतःचं पुस्तक लिहून उत्तर दिलं. कोणी कादंबरीवाला हात लावते का ह्याले? नाही लावत. लेखनसीमा.

हडसनकाठची

वाचतेय. डॉक्टर आनंदीबाई जोशींचा विषय निघालाच नाही अजून, म्हणून राहवेना.

आमच्या घरापासून न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीचं कब्रस्तान फार लांब नाही. मराठी मंडळातले लोक उन्हाळ्यात जातात. कारपेंटर कुटुंबाच्या जागेत साधासा दगड आहे, त्यावर १८६५ ते १८८७ ही सालं, एम.डी., आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर. अस्थी इथे पाठवल्या नवऱ्याने, गोपाळरावांनी. तिच्या अमेरिकेतल्या 'मावशी'कडे, थिओडिशिया कारपेंटरकडे. ही मावशी कशी मिळाली? गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र मासिकात छापून आलं आणि ते बाईंच्या हाती लागलं दंतवैद्याच्या खोलीत बसल्या असताना. कादंबरीत कुणी असा योगायोग घातला तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हणू.

आता प्रेमकथा. नऊ वर्षांची मुलगी, तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठा पोस्टातला विधुर नवरा. शिकवायचं हे वेड. स्वयंपाकघरात दिसली तर राग, पुस्तक हातात दिसलं तर खूश. चौदाव्या वर्षी मूल झालं, दहा दिवसांत गेलं. १८८३ ला एकटी बोटीत बसली, १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली, कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक हातात घेऊन परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेली. बावीसही पुरी झाली नव्हती.

अमेरिकेतून तिने नवऱ्याला जी पत्रं लिहिली त्यातलं एक मला पाठ नाही पण विसरताही येत नाही. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं कठीण, असं म्हणून ती मोजते: दहाव्या वर्षी लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं फेकलीत, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्यात. आणि त्याच पत्रव्यवहारात, मी आज जी आहे ती तुमच्यामुळे, हेही.

येऊ घातलेल्या पुस्तकांत तिच्यावरचं एखादं असणारच, दरवर्षी असतंच. माझी विनंती, ते पत्र अख्खं छापा.

वाचाळवीर

हडसनताई, पत्र वाचलेलं नव्हतं. पण विचारतो, हे प्रेम म्हणायचं का? माझ्या मते गोपाळरावांना बायको नको होती, प्रयोग हवा होता. जगाला दाखवायला.

सोनटक्का

प्रयोग होता हे खरं. पण प्रयोगातल्या वस्तूने प्रयोग करणाऱ्याला असं पत्र लिहिल्याचं कधी ऐकलंय? ती त्याला ओळखून होती. त्याचा विक्षिप्तपणा, त्याचा एकटेपणा, त्याने तिच्यासाठी गावोगाव मागून घेतलेल्या बदल्या. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता. मारणारा नवरा आणि दार उघडणारा नवरा एकच माणूस होता आणि तिला दोन्ही दिसत होते. आपल्यालाच एकावर फुली मारायची घाई. कादंबऱ्यांत गोपाळराव एकतर महापुरुष होतात नाहीतर राक्षस.

वाचाळवीर

म्हणजे मारहाणीला 'गुंतागुंतीचं नातं' म्हणायचं? हे आजच्या मुलींना सांगून बघा.

हडसनकाठची

माझ्या मुलीला सांगितलं. कॉलेजात आहे. ती म्हणाली, "आई, दॅट्स अब्यूज." मी म्हटलं, बरोबर. मग तिने पत्र पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "बट शी इज विनिंग द आर्ग्युमेंट." ह्यापुढे मला काही सुचलं नाही.

छापखाना

मी ह्या धंद्यात संपादनाच्या बाजूला आहे. नाव-गाव विचारू नका.

पत्र अख्खं का छापत नाहीत, त्याची साधी कारणं सांगतो. मराठीत हजाराची आवृत्ती निघते, ती वर्षभरात संपली तर पेढे. मग मागच्या मलपृष्ठावर काय लिहिलं तर दुकानात हात लागेल, तिथून हस्तलिखिताची उलटी वाटचाल सुरू होते. मी स्वतः बघितलंय, एका लेखकाने एकोणिसाव्या शतकातल्या जोडप्यावर चांगलं कोरडं, नेमकं पुस्तक लिहून आणलं. प्रकाशक म्हणाले, "प्रेमाचा अँगल ठळक करा." लेखकाने नदीकाठचा एक प्रसंग घातला. त्या काळात नवराबायको चारचौघांत एकमेकांशी बोलत नसत, हे त्यालाही माहीत, प्रकाशकांनाही. प्रसंग छापला गेला आणि वाचकांची पत्रं नेमकी त्याच प्रसंगाबद्दल आली. आता सांगा दोष कुणाचा?

दुसरं, वंशजांची भीती. नोटीस आली की आवृत्ती अडकते, भांडवल अडकतं. म्हणून धार असलेली वाक्यं बोथट करून जातात. मेलेल्या माणसाची बदनामी कायद्यात कुठपर्यंत बसते ह्यापेक्षा गल्लीत दगड पडतील का, हे आधी बघितलं जातं. त्यामुळे राणी हळुवार, राजा शूर, आणि कुणीच कुणावर चिडत नाही.

आणि हो, पाठमोरी बाई का? चेहरा काढला की 'आमच्या बाईसाहेब अशा नव्हत्या' म्हणून पत्र येतं. पाठीला कोणाची हरकत नसते.

कागदकीडा

@छापखाना, शेवटच्या ओळीला दंडवत.

मधल्या वेळात पुरुषांनी काय लिहून ठेवलंय तेही आठवत होतो. नाना फडणविसांचं छोटं आत्मकथन आहे, पानिपतापर्यंतचं. तरुणपणीच्या विषयवासनेबद्दल त्या माणसाने ज्या मोकळेपणाने लिहिलंय तसं पुढच्या दीडशे वर्षांत फार कमी मराठी पुरुषांनी लिहिलं असेल. राज्याची सगळी गुपितं पोटात ठेवणारा माणूस, लग्नं नऊ, आणि स्वतःच्या वासनेची कबुली स्वतःच्या हाताने. कुणी 'नानांच्या नऊ बायका' लिहायला घेईल का? हसू नका, नवव्या बायकोच्या बाजूने लिहिली तर भयानक चांगली होईल. १८०० साली नाना गेले तेव्हा मागे राहिलेली जिऊबाई पोरवयाची होती.

मुक्काम पोस्ट ओतूर

माझ्या गावाचं नाव घ्यायला कारण आहे, म्हणून धागा वर काढतो.

सावित्रीबाईंची जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत. १८५६, १८६८, १८७७. शेवटचं आमच्या ओतूर-जुन्नर भागातून, दुष्काळातलं. पहिलं माहेरून, नायगावातून, आजारपणात. भावाने 'तुम्ही नवराबायको महार-मांगांसाठी काम करता, हे पाप आहे' म्हटल्यावर तिने त्याला कसं खडसावलं, ते नवऱ्याला कळवलंय. 

मधलं पत्र प्रेमाबद्दल आहे, दुसऱ्यांच्या. गणेश नावाचा पंचांग सांगत गावोगाव फिरणारा ब्राह्मण आणि शारजा नावाची महाराची मुलगी. मुलगी सहा महिन्यांची गरोदर, गावाला कळलं, दोघांना मारत मारत नेत होते, जीव घेणार होते. सावित्रीबाई मधे पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली, दोघांना सोडवलं. मग गाव सोडून जायचं ठरलं आणि ती दोघं जोतिरावांकडे पाठवली. विचार करा, १८६८ साल आहे. एक बाई आपल्या नवऱ्याला दुसऱ्या जोडप्याचं प्रेम सांभाळायला पाठवतेय आणि तिला खात्री आहे की नवरा 'हे काय नवीन लचांड' म्हणणार नाही. त्या खात्रीइतकं ह्या दोघांच्या संसाराबद्दल मला दुसरं कशाने कळलेलं नाही.

१८९० ला जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (विस्तवाचं मडकं) सावित्रीबाईंनी धरलं, हे सगळ्यांना माहीत असतं. गणेश आणि शारजाचं पुढे काय झालं, हे पत्रात नाही. कादंबरी लिहायचीच तर ह्या दोघांवर लिहा. इथे कागद दोन पानांत संपतो, लेखकाला सगळं रान मोकळं. पण निदान प्रसिद्ध माणसांच्या तोंडी खोटी वाक्यं तरी घालावी लागणार नाहीत.

रेवातीर

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव.

सोनटक्का

ओतूरकर, मस्तच.

आता माझ्याकडून एक उलटी भर. प्रेम नव्हतं म्हणून घडलेली कथा. रखमाबाई. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं, नांदायला गेल्या नाहीत. १८८४ ला नवऱ्याने मुंबईत दावा लावला. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही म्हणाले, बाईला बळजबरीने पाठवता येणार नाही. अपील झालं. १८८७ ला निकाल फिरला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करते म्हटलं. मधे 'ए हिंदू लेडी' ह्या नावाने त्यांनी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली होती, नाव दडवून. शेवटी १८८८ ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला आयुष्यभर काम केलं. पुन्हा लग्न केलं नाही.

आणि आता ऐका. १९०४ ला दादाजी वारले, तेव्हा ह्या बाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली असं सांगतात. ज्या माणसाचा नवरेपणा नाकारायला तुरुंगात जायची तयारी होती, त्याच्यासाठी! आयुष्यभर डोकं खाजवलं तरी ह्याचं एक उत्तर मिळणार नाही. लिहा म्हणावं ह्याच्यावर.

वाचाळवीर

बरं, मी थोडा मवाळ झालोय असं समजा. पण सगळं एवढं गंभीर? जरा हसवणारं सहजीवन कुणी लिहून ठेवलंय की नाही? बायकोला वाचून दाखवायचंय, ती दवाखान्याच्या फेऱ्यांनी कंटाळलीय. दुष्काळ आणि कोर्ट नको.

सोनटक्का

अहो, लक्ष्मीबाई टिळक! वडील एवढे सोवळे की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचे, नवरा कवी आणि एवढा लहरी की कधी कुठे निघून जाईल पत्ता नाही. मग १८९५ ला नवरा ख्रिस्ती झाला, ह्या मागे राहिल्या. काही वर्षं ताटातूट, नातेवाइकांचा पहारा, आणि हे सगळं सांगताना बाई अशी हसवते की पानापानाला थांबून नवऱ्याला ऐकवावंसं वाटतं. भांडणं तर विचारूच नका. चिडतात, रुसतात, कवितेत भांडतात. आणि मधेच एखादं वाक्य असं येतं की घशात आवंढा.

'स्मृतिचित्रे' मागा दुकानात. संक्षिप्त आवृत्ती हातात देतील, ती घेऊ नका, अख्खं घ्या. वहिनींना आधी मीठ धुण्याचा भाग वाचून दाखवा.

वाचाळवीर

मागवलं. पाच दिवसांत येतंय म्हणे. मुखपृष्ठावर बाई समोरून आहे, चष्म्यासकट.

छापखाना

ठेवा जपून.